ब्लामाँज, डालेक आणि विंदालू : ब्रिटिश टीव्हीवरची विज्ञानकथांची विडंबनं

चांदणवेडी

३० नोव्हेंबर १९६९ च्या रात्री बीबीसीवर 'मॉन्टी पायथन्स फ्लाइंग सर्कस'चा सातवा भाग लागला. आधीचे सहा भाग म्हणजे तुटक प्रहसनांची माळ. सातव्यात मात्र जवळजवळ सगळा वेळ एकाच गोष्टीला दिला होता आणि ती गोष्ट होती परग्रहवासीयांच्या आक्रमणाची.

अँड्रोमेडा दीर्घिकेतल्या स्कायरॉन ग्रहावरून तबकडी येते आणि इंग्लंडमधल्या माणसांवर किरण सोडते. किरण लागला की माणूस स्कॉटिश होतो. लाल दाढी उगवते, अंगावर किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा चौकड्यांचा घागरा, येतो आणि तो बॅगपाइपच्या सुरावर ताठ पावलं टाकत उत्तरेकडे निघतो. बघता बघता इंग्लंड ओस पडतं. तिकडे स्कॉटलंडात अँगस पॉडगॉर्नी नावाच्या किल्ट शिवणाऱ्या साध्या माणसाला (मायकेल पेलिन) ४ कोटी ८० लाख किल्टांची ऑर्डर येते. ऑर्डर देणारा असतो एक ब्लामाँज. दूध, साखर आणि कॉर्नफ्लोअर शिजवून साच्यात गार केलेला जो थलथलीत गोड पदार्थ इंग्रजांच्या घरी व्हायचा, तोच, पण माणसाहून मोठा आणि माणसं गिळणारा. या सगळ्या खटाटोपाचं कारण शेवटी उलगडतं. स्कॉटिश लोक जगात सगळ्यात वाईट टेनिस खेळतात, तेव्हा सगळ्यांना स्कॉटिश करून टाकलं की विम्बल्डन ब्लामाँजच्या खिशात!

मला ही गोष्ट भयंकर आवडते ती तिच्या शिस्तीमुळे. किल्ट का हवेत, एवढे का हवेत, इंग्लंड रिकामं का करायचं, सगळ्याला उत्तर आहे आणि ती सगळी उत्तरं एकाच गृहीतकातून निघतात. गृहीतक वेडगळ आहे, पण त्यापुढची पायरी न् पायरी चोख. निवेदकाचा आवाज ब्रह्मांडाची ओळख करून द्यावी इतका गंभीर. शास्त्रज्ञ खरोखरच डोकं खाजवतोय. 'बघा हं, आम्ही गंमत करतोय' असा चेहरा एकही नट करत नाही. चांगल्या विज्ञानकथेचा नियम यांनी अनेक गंभीर मालिकांपेक्षा काटेकोर पाळलाय, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे, लाखो प्रकाशवर्षं ओलांडून आलेल्या प्राण्याला हवं काय, तर लंडनच्या एका उपनगरातला टेनिसचा चषक. अख्खं विश्व शेवटी इंग्रजांच्या अंगणात येऊन बसतं. त्या काळच्या बहुतेक ब्रिटिश विडंबनांत मला हे दिसतं. तुम्ही काय काय पाहिलंय? सविस्तर लिहा.

माळीवाडा

धागा वाचून राहवलं नाही. पायथनच्या आधी विनोदी लेखक-नट स्पाइक मिलिगनचं नाव घ्यायलाच हवं, आणि आम्हा नगरकरांना तर जास्तच. १६ एप्रिल १९१८ ला त्याचा जन्म अहमदनगरचा (आता अहिल्यानगर). वडील ब्रिटिश फौजेत. पोरगा काही वर्षं पुण्यातल्या कॉन्व्हेंट शाळेत शिकला, मग रंगून, मग इंग्लंड.

१२ डिसेंबर १९५४ ला बीबीसी टीव्हीने ऑर्वेलच्या 'नाइन्टीन एटी-फोर'चं नाटक दाखवलं. पीटर कुशिंग नायक, रूपांतर नायजेल नीलचं. लोक इतके हादरले की पार्लमेंटपर्यंत विषय गेला. महिना व्हायच्या आत, जानेवारी १९५५ च्या पहिल्या आठवड्यात, मिलिगनच्या 'गून शो'ने रेडिओवर 'नाइन्टीन एटी-फाइव्ह' सादर केलं. त्यात जुलमी सत्तेचं नाव 'बिग ब्रदर कॉर्पोरेशन', म्हणजे साक्षात बीबीसी. आणि खोली क्रमांक १०१ मधला छळ कोणता, तर बीबीसीचेच लोकप्रिय रेडिओ कार्यक्रम कैद्याला ऐकवायचे. बीबीसीच्या पैशाने, बीबीसीच्या स्टुडिओत!

पुढे मार्च १९६९ मध्ये त्याची 'क्यू ५' ही मालिका बीबीसी टूवर आली. शेवटाला पोचायच्या आतच प्रहसन सोडून द्यायचं, ही पायथनची म्हणून ओळखली जाणारी रीत तिच्यात आधीच होती. पायथन मंडळींनी हे ऋण उघडपणे मान्य केलंय. 'क्यू ५'चा दिग्दर्शक इयन मॅकनॉटन, त्यालाच त्यांनी आपल्या मालिकेसाठी घेतलं. तेव्हा धाग्यातल्या ब्लामाँजचं मूळ थोडं नगरलाही आहे, असं मी अभिमानाने म्हणतो.

जुना_रेडिओ

वा, सुंदर धागा! वाचनखूण साठवली.

नायजेल नीलचं नाव निघालंच आहे तर त्यानेच लिहिलेल्या क्वाटरमासबद्दल लिहितो. प्रोफेसर क्वाटरमास या शास्त्रज्ञाच्या तीन मालिका बीबीसी टीव्हीवर आल्या, १९५३, १९५५ आणि १९५८-५९. तिसरीत लंडनमध्ये खोदकाम चालू असताना जमिनीखाली एक यान सापडतं. सुरुवातीला सगळ्यांना वाटतं महायुद्धातला न फुटलेला बॉम्ब असेल. ही मालिका जानेवारी १९५९ मध्ये संपली आणि लगेच दोन विडंबनं आली. 'गून शो'ने 'द स्कार्लेट कॅप्सूल' केलं आणि विनोदी नट टोनी हॅनकॉकला तर त्याच्या मालिकेत ईस्ट चीममधल्या स्वतःच्याच बागेत तसलं काहीतरी सापडलं.

हे इतकं झटपट चालायचं, कारण आख्ख्या देशाने आदल्या महिन्यात तेच पाहिलेलं असायचं. पाहायला वाहिन्याच दोन. विडंबनाला मूळ कृती श्रोत्याच्या डोक्यात पक्की बसलेली लागते. अत्र्यांची 'झेंडूची फुले' १९२५ साली गाजली तीही त्यामुळेच, रविकिरण मंडळाच्या कविता वाचकांच्या तोंडी होत्या. आज प्रत्येक जण वेगळं काहीतरी बघतो, तेव्हा नेमकं कशाचं विडंबन करायचं हा प्रश्नच आहे.

आता माझा आवडता तपशील. बीबीसीने १९५८ मध्ये मेडा व्हेलच्या स्टुडिओत रेडिओफोनिक वर्कशॉप काढलं. टेप कापायच्या, जोडायच्या, उलट्या फिरवायच्या आणि कुणी कधी न ऐकलेले आवाज तयार करायचे, हे त्यांचं काम. क्वाटरमासच्या तिसऱ्या मालिकेतले अंगावर काटा आणणारे आवाज तिथलेच. आणि 'गून शो'मधल्या मेजर ब्लडनॉकच्या पोटातला तो सुप्रसिद्ध गडगडाटही तिथलाच! तो करणारा डिक मिल्स. याच डिक मिल्सने १९६३ मध्ये डेलिया डर्बीशायरच्या हाताखाली 'डॉक्टर हू' या बीबीसीच्या, 'डॉक्टर' नावाच्या कालप्रवासी नायकाच्या मालिकेचं शीर्षकसंगीत उभं करायला मदत केली. सिंथेसायझर नव्हता, एकेक स्वर वेगळा ध्वनिमुद्रित करून टेपचे तुकडे चिकटवले होते. भीती आणि हसू एकाच खोलीत, त्याच यंत्रांवर तयार होत होतं. चांदणवेडी म्हणतात ती शिस्त इथेही सापडते. त्या पोटाच्या आवाजावर मिल्सने जी मेहनत घेतलीय ती ऐकताना कळते.

माळीवाडा

@जुना_रेडिओ, क्या बात है! याला जोडून एक सांगतो. डालेकांचा, म्हणजे 'डॉक्टर हू'मधल्या चिलखती परग्रही खलनायकांचा, जनक टेरी नेशन हाही मुळात विनोदी लेखकच. कार्डिफहून लंडनला आलेला हा तरुण मिलिगनच्या मदतीने लेखकांच्या एका सहकारी कचेरीत शिरला आणि विनोदी नटांसाठी लिहू लागला. १९६३ मध्ये तो हॅनकॉकसाठी लिहीत होता. त्यांचं बिनसलं, काम गेलं, आणि मग त्याने आधी नाकारलेलं 'डॉक्टर हू'चं काम घेतलं. २१ डिसेंबर १९६३ ला डालेक पडद्यावर आले.

लेस्टरवासी

मिलिगनचं कौतुक वाचलं. त्याचं मोठेपण मलाही मान्य आहे, पण इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये असं वाटतं.

'क्यू'च्या १९७५ च्या मालिकेत एक डालेकचं प्रहसन आहे. डालेक दिवसभराचं काम आटपून घरी येतो, बायको-पोरं वाट बघतायत. बिघाड असा की हे घर पाकिस्तानी आहे. डालेक घरातल्या एकेकाला उडवतो आणि मग ते करीत टाका म्हणतो. इथे ब्रिटनमध्ये कितीतरी लोकांनी ते लाडकं प्रहसन म्हणून वर्षानुवर्षं आठवणीत ठेवलं. मी ते पाहिलं तेव्हा मला हसू आलं नाही. त्या सुमारास या देशात आशियाई कुटुंबांच्या दारा-खिडक्यांवर दगड पडत होते. त्याआधी १९६९ मध्ये 'करी अँड चिप्स'मध्ये याच मिलिगनने तोंडाला रंग फासून पाकिस्तानी माणूस साकारला होता. ती मालिका सहा भागांत बंद करावी लागली.

विडंबन म्हणूनही ते फसलंय, हा माझा मुख्य मुद्दा. डालेक दिवसभर विश्व जिंकून घरी आला, त्याला चहा कोण देतं, तो चपला कुठे काढतो, मुलांशी कसा बोलतो, या कल्पनेत केवढी ताकद होती! ती सोडून लेखकाने शेजारच्या गल्लीतल्या माणसाच्या उच्चाराला आणि जेवणाला हसायचं ठरवलं. डालेकचं काहीच झालं नाही. तो कुणीही असता तरी चाललं असतं.

माळीवाडा

@लेस्टरवासी, पूर्ण सहमत. नगरमध्ये जन्मलेल्या आणि पुण्यात वाढलेल्या माणसाने हे लिहावं, याचं मला अधिकच वाईट वाटतं. सोडून देण्यासारखं ते नाहीच.

शीर्षासन

डग्लस ॲडम्सशिवाय हा धागा अपुरा आहे. 'हिचहायकर्स गाइड' ८ मार्च १९७८ ला रेडिओ फोरवर सुरू झालं आणि टीव्हीवर जानेवारी १९८१ मध्ये सहा भागांत आलं. मी टीव्हीच्या अवताराबद्दल लिहितो, कारण तो नेहमी मागे पडतो.

सुरुवात सगळ्यांना ठाऊक असेल. रस्त्यासाठी आर्थर डेंटचं घर पाडायला बुलडोझर आलाय. नकाशे तर कधीचे बघायला ठेवले होते, असं पालिकेचा माणूस म्हणतो. कुठे ठेवले होते? तळघरात, दिवे नाहीत, जिना नाही, बंद पडलेल्या संडासात, कुलूपबंद कपाटाच्या तळाशी, आणि दारावर पाटी, 'बिबट्यापासून सावध राहा'. थोड्याच वेळात व्होगॉनांची याने आकाशात येतात आणि आंतरतारकीय रस्त्यासाठी पृथ्वी पाडायची असल्याचं जाहीर करतात. तक्रार कसली करता, नकाशे ५० वर्षं अल्फा सेंटॉरीच्या नियोजन कार्यालयात लावलेले होते! तोच प्रसंग, तेच उत्तर, फक्त आकार वाढलेला. भूसंपादनाची नोटीस हातात पडलेल्या कुठल्याही माणसाला यातला राग ओळखू येईल. व्होगॉन दुष्ट नाहीत, ते नियमाने चालणारे कारकून आहेत. 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स'पासून परग्रहवासी म्हणजे विजेता किंवा राक्षस असं चालत आलं होतं. ॲडम्सने त्याला कचेरीत बसवलं आणि तो आधीपेक्षा भयंकर झाला.

आता त्या 'गाइड'ची, म्हणजे कथेतल्या प्रवाशांच्या इलेक्ट्रॉनिक माहितीपुस्तकाची, पानं. पडद्यावर हिरवी-निळी-लाल अक्षरं उमटतात, बाण सरकतात, आकृत्या फिरतात. पीटर जोन्सचा आवाज शांतपणे वाचतोय आणि बाजूला अक्षरं त्याच वेगाने टाइप होतायत. पाहणाऱ्याला वाटतं, १९८१ मध्ये यांच्याकडे केवढा मोठा संगणक असेल! संगणक मुळीच नाही. रॉड लॉर्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हे सगळं हाताने केलं. पारदर्शक तावांवर रेषा आणि अक्षरं, मागून उजेड, मध्ये रंगीत जिलेटिन, आणि एकेक चौकट कॅमेऱ्यात टिपायची. अक्षर उमटताना दिसावं म्हणून प्रत्येक अक्षराला झाकण सरकवायचं. शिवाय कोपऱ्यात दोन सेकंद दिसणाऱ्या आकृत्यांतही वेगळे विनोद लिहून ठेवलेत. घरी व्हिडिओ थांबवून बघणारे लोक तेव्हा मोजके, तरी केलं. त्या कामाला बाफ्टा मिळाला, तो अगदी रास्त.

ॲडम्स १९७९ मध्ये 'डॉक्टर हू'चा पटकथा संपादकही होता. त्यातलं 'सिटी ऑफ डेथ' शोधून पाहा. एक परग्रहवासी खुद्द लिओनार्दोकडून आणखी सहा मोनालिसा काढून घेतो, म्हणजे चोरीची म्हणून सात जणांना विकता येतील आणि त्या पैशातून कालयंत्र बांधता येईल. डॉक्टर काय करतो, तर भूतकाळात जाऊन त्या कोऱ्या फळ्यांवर आधीच मार्करने 'हे चित्र नकली आहे' असं लिहून ठेवतो. आणि पॅरिसच्या कलादालनात उभ्या असलेल्या टार्डिसला, म्हणजे डॉक्टरच्या खोक्यासारख्या कालयानाला, कलाकृती समजून तिच्यावर गंभीर चर्चा करणारे दोन रसिक म्हणजे जॉन क्लीज आणि एलेनॉर ब्रॉन. इथे मूळ मालिका कुठे संपते आणि विडंबन कुठे सुरू होतं, सांगताच येत नाही.

तिसरी_घंटा

शीर्षासन, प्रतिसाद म्हणजे स्वतंत्र लेखच झाला. फार आवडला.

मी नाटकवाली, त्यामुळे माझं मत 'रेड ड्वार्फ'ला. १५ फेब्रुवारी १९८८ ला बीबीसी टूवर सुरू झालं, लेखक रॉब ग्रँट आणि डग नेलर. तीस लाख वर्षांनी जागा झालेला लिस्टर हा विश्वातला शेवटचा माणूस. सोबतीला कोण, तर त्याचा मेलेला खोलीभाऊ रिमर, होलोग्रामच्या रूपात, कपाळावर 'एच'. दोघंही यानावरचे अगदी तळाचे कामगार, यंत्रांमधल्या सूपच्या तोट्या साफ करणारे. 'स्टार ट्रेक'मध्ये कॅप्टनची गोष्ट असते. इथे ज्याला कॅप्टनने नावानेही ओळखलं नसतं त्याची गोष्ट आहे. रिमर अधिकाऱ्याच्या परीक्षेला बसून उत्तरपत्रिकेत 'मी मासा आहे' असं चारशे वेळा लिहून येतो. त्यात हसू आहेच, पण ज्या घरात मोठ्या भावांशी तुलना होत होत मुलगा वाढतो त्या घराची सगळी हकिगतही आहे. क्रिस बॅरीने तो माणूस कधी हास्यास्पद होऊ दिला नाही, म्हणून तो टिकला.

लेखकांनी एक नियम घालून घेतला होता, परग्रहवासी आणायचे नाहीत. या विश्वात जे भेटेल ते माणसानेच केलेलं किंवा माणसाकडूनच आलेलं. कॅट हा प्राणी लिस्टरने चोरून आणलेल्या मांजरीच्या वंशातला. तिच्या पिल्लांनी लाखो वर्षांत संस्कृती उभारली, लिस्टरला देव केलं आणि त्याला फिजीमध्ये जे खाण्याचं दुकान टाकायचं होतं, तिथल्या टोप्या लाल की निळ्या यावरून धर्मयुद्धं केली. किती माणसं, माफ करा, मांजरं मेली त्यात. हा भाग मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा हसता हसता गप्प झाले होते.

फोंडेकर

लिस्टरचं नाव निघालं आणि विंदालूचा विषय नाही? आम्हा गोंयकारांना बोलावंच लागेल.

लिस्टरचा जीव की प्राण म्हणजे विंदालू. १९९१ च्या 'डीएनए' या भागात तर त्याच्या मटण विंदालूचाच एक अक्राळविक्राळ प्राणी होतो आणि यानभर धुमाकूळ घालतो. गोळ्यांनी मरत नाही. मरतो कशाने, तर बिअरने, कारण विंदालूची आग बिअरच विझवते! आदल्या क्षणापर्यंत सगळं भयपटासारखं चित्रित केलंय, अंधार, धूर, पावलांचे आवाज. चांदणवेडींच्या नियमात एकदम चपखल.

पण हे विंदालू इंग्लंडच्या करी हाउसमधलं, नुसतं तिखटजाळ. आमच्या घरी ते डुकराच्या मांसाचं, माडाच्या व्हिनेगरातलं, लसूण भरपूर, मिरची रंगाला आणि चवीला. बटाटा तर अजिबात नाही. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मुरलं की खरी चव. असलं विंदालू लिस्टरने खाल्लं असतं तर बिअरची गरज पडली नसती. तरी विश्वातल्या शेवटच्या माणसाला आमच्याकडचं जेवण आठवावं, याचा मला मनापासून आनंद आहे.

कंदिलाखाली

फसलेलेही सांगायला हवेत. 'कम बॅक मिसेस नोआ' (१९७७-७८) : गृहिणी चुकून अंतराळस्थानकासोबत उडते. लेखक जेरेमी लॉइड आणि डेव्हिड क्रॉफ्ट, नटसंच उत्तम, तरी जमलं नाही. अंतराळात गेल्यामुळे गोष्टीत काही बदलतच नाही, तेच विनोद दिवाणखान्यातही चालले असते. 'टू रॉनीज'मधलं 'द वर्म दॅट टर्न्ड' (१९८०) : २०१२ मध्ये इंग्लंडवर बायकांचं राज्य, पुरुषांना झगे घालायची सक्ती, बिग बेनचं नाव बिग ब्रेंडा. आठ आठवडे एकाच विनोदावर. आज बघवत नाही.

चांदणवेडी

सगळ्यांचे मनापासून आभार, धागा माझ्या अपेक्षेपलीकडे गेला. लेस्टरवासी यांच्या प्रतिसादाने माझं म्हणणं मलाच अधिक स्पष्ट झालं. गृहीतक धरून ठेवणं ही विडंबनकाराची मूळ कृतीवरची माया आहे. ती सुटली की उरते ती कुणाची तरी टिंगल.

माया किती असू शकते याचं उदाहरण म्हणजे १९९९ चं 'द कर्स ऑफ फेटल डेथ'. कॉमिक रिलीफच्या मदतनिधीसाठी केलेलं 'डॉक्टर हू'चं विडंबन. रोवन ॲटकिन्सन डॉक्टर, जोनाथन प्राइस त्याचा शत्रू मास्टर. दोघेही भूतकाळात जाऊन वास्तुविशारदाला लाच देतात, म्हणजे आत्ता लागतील तसे सापळे आणि चोरदरवाजे आधीच बांधलेले असतील. कालप्रवासाचं तर्कशास्त्र इतकं नीट वापरलेलं मूळ मालिकेतही क्वचितच सापडतं. शेवटी डॉक्टरचा पुनर्जन्म होऊन तो बाई होतो, जोआना लम्ली. १९९९ मध्ये तो विनोद होता. २०१७ मध्ये जोडी व्हिटेकरची निवड झाली आणि तो मालिकेचा अधिकृत इतिहास झाला. आणि विडंबन लिहिणारा स्टीव्हन मोफाट? २०१० ते २०१७ मूळ मालिका त्याच्याच हातात होती.

ब्लामाँजचं मात्र उलटं झालं. ७ जुलै २०१३ ला अँडी मरे विम्बल्डन जिंकला. फ्रेड पेरीनंतर ७७ वर्षांनी ब्रिटिश पुरुष विजेता, आणि तो चक्क स्कॉटिश.

अर्धविराम

मी यातलं काहीच पाहिलेलं नाही. मुलगी आठवीत आहे, तिच्याबरोबर बघायचंय. कुठून सुरुवात करू?

तिसरी_घंटा

@अर्धविराम, 'रेड ड्वार्फ'च्या तिसऱ्या मालिकेतला पहिला भाग, 'बॅकवर्ड्स', नोव्हेंबर १९८९. काळ उलटा वाहणाऱ्या पृथ्वीवर ही मंडळी पोचतात. पबमधली मारामारीही उलटी होते, फुटलेल्या वस्तू सांधतात आणि डोळे सुजलेली माणसं बरी होत जातात. त्यात पबचा मॅनेजर रागाने काहीतरी उलट्या भाषेत ओरडतो. मुलीला तेवढा तुकडा ध्वनिमुद्रित करून उलटा फिरवायला सांगा. तो बोलतोय तिच्याशीच. देशातल्या ज्या एकाच माणसाने एवढा उद्योग करून हे ऐकलं असेल, त्याला तो मनसोक्त शिव्या घालतोय.

अर्धविराम

आज रात्रीच बघतो. ध्वनिमुद्रणाचं काम तिने आधीच अंगावर घेतलंय.